फाटके मोजे आणि माझ्यावरचा आळ

मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. जुना आहे, बिघडलेला नाही. मित्रांनो, एवढं एक वाक्य सांगायला मी तीस वर्षं तडफडतोय, पण मला तोंड नाही. दुसऱ्यांची तोंडं मात्र मी जन्मभर वाजवली आणि त्यातली बहुतेक किंचाळणारी होती.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझी मोटर बसवली, तबकडी फिरवली, घड्याळ लावून फेरे मोजले आणि म्हणाल्या, "हा अगदी गुणी आहे." पुढे माझ्या वाट्याला आलेली स्तुती मोजायला एका हाताची बोटंसुद्धा जास्त होतील, म्हणून हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. त्यांनीच माझ्या दर्शनी बाजूला एक गोल बटण बसवलं. ते डावीकडे वळवलं की मी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेतो, उजवीकडे वळवलं की पंचेचाळीस. मोठ्या रेकॉर्ड बहुधा तेहतीसवर वाजतात आणि छोट्या पंचेचाळीसवर. बहुधा, बरं का. पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ या एका शब्दात आहे.

मला घरी आणलं एका घड्याळजींनी. खाली त्यांचं दुकान, वर घर. जेवणानंतर शांतपणे बासरी ऐकावी, एवढीच त्यांची माफक इच्छा होती. नऊ दिवस त्यांनी बासरी ऐकली. दहाव्या दिवशी त्यांची थोरली लेक एक पिशवी घेऊन माझ्यासमोर मांडी ठोकून बसली, आणि घड्याळजींनी कानात कापूस घातला तो कायमचा.

ताई तेव्हा एकोणीस वर्षांची होती. छापखान्यात कामाला जायची. नखांत शाई आणि डोक्यावर तिथल्याच कात्रीने स्वतः कापलेले केस, एक बाजू लांब, एक आखूड. तिला सगळं माहीत असायचं. तिच्यामागे असायचा धाकटा, पंधरा वर्षांचा. तो बोलताना अडखळायचा. शब्द त्याच्या ओठांशी येऊन थांबायचा आणि ताईला तेवढाही धीर नसायचा. त्याला चादर हवी असायची. तो "चा" म्हणेपर्यंत ताई चहा टाकून मोकळी. तोही बिचारा निमूट चहा प्यायचा आणि तसाच कुडकुडत झोपायचा.

ते पंकचे, म्हणजे चार सूर आणि भरपूर आरडाओरडा असलेल्या त्या बंडखोर संगीताचे, अगदी सुरुवातीचे दिवस होते. ताईच्या मते जगातलं सगळं चांगलं संगीत त्या तीन वर्षांत झालं. त्याआधीचं नुसतं लांबण आणि त्यानंतरची नुसती नक्कल. माझ्या झाकणावर तिने गोंदाने एक यादी चिकटवली होती, 'सर्वश्रेष्ठ पाच'. ही यादी दर आठवड्याला बदलायची. जुनी काढायचे कष्ट कोण घेणार? एकीवर एक चिकटत गेली आणि माझं झाकण पुठ्ठ्याएवढं जाड झालं.

त्या यादीत 'गंजका पत्रा' नावाचा बँड होता. त्यांच्या पहिल्या अल्बमात चौदा गाणी, सव्वीस मिनिटांत. त्यांचा ड्रमवाला असा घाईत असायचा, जणू घरी गॅसवर दूध ठेवून आलाय. 'बंद लिफ्ट' होता. त्यांचा गायक माइककडे पाठ करून गायचा आणि ताई त्याला क्रांती म्हणायची. मी त्याला आळस म्हणायचो. 'तीन तारा' हा तीन जावांचा बँड. त्यांनी आपला अल्बम धुलाईच्या दुकानात ध्वनिमुद्रित केला होता, त्यामुळे प्रत्येक गाण्यामागे कपडे धुण्याच्या यंत्राची घरघर. एका सुरात त्या कधीच नव्हत्या, पण थांबायच्या मात्र तिघी बरोबर. खरं सांगतो, त्या मला आवडायच्या. पण ताईने त्यांना कधी तिसऱ्या क्रमांकाच्या वर चढू दिलं नाही. माझं मत विचारतो कोण?

आणि मग 'फाटके मोजे' आले.

जुन्या बाजारातून आणलेली ती रेकॉर्ड होती. कव्हर नाही, पावाच्या कागदात गुंडाळलेली. मधल्या गोल कागदावर एका भोक पडलेल्या मोज्याचं चित्र. बाकी काही नाही. बँडचं नावसुद्धा कुणीतरी मागून पेनाने लिहिलेलं. वेग किती, हे कुठेच नाही. मित्रांनो, त्या काळात ही मंडळी सगळं स्वतःच करायची, आणि स्वतः करणारा माणूस एक तरी गोष्ट विसरतोच.

"मोठी आहे म्हणजे तेहतीस," ताई म्हणाली. "एवढं कळत नाही का?"

तिला कुणीच काही विचारलं नव्हतं.

सुई खाचेत उतरली आणि क्षणात माझ्या ध्यानात आलं. ड्रमवाला गुडघाभर चिखलातून चालत होता. गिटार कण्हत होती. पंचेचाळीस, अगं बाई, पंचेचाळीस! बटण तुझ्या नाकासमोर आहे, नुसतं उजवीकडे वळव! पण छे. गायकाचा आवाज जाडाभरडा, थकलेला येत होता. दोघांनी ठरवून टाकलं की हा कुणी म्हातारा आहे. त्याचं नाव पडलं आजोबा. ताईने त्यांना यादीत पहिला नंबर दिला आणि खोक्याचा पुठ्ठा कापून कव्हर केलं, त्यावर दाढीवाल्या आजोबांचं चित्र काढलं. ज्या घरात भिंतीवरच्या अकरा घड्याळांचे ठोके एकदम पडत, त्या घरात हा प्रकार दोन वर्षं चालला. फेरे मोजू शकणारा एकच माणूस होता, आणि त्याच्या कानात कापूस.

मी रोज चिडायचो. मग एका दुपारी धाकटा एकटाच आला. त्याने तीच रेकॉर्ड लावली. पहिलंच गाणं 'बाजूला हो'. "बाजूला हो, बाजूला हो, मला पुढे जायचंय," एवढेच त्याचे शब्द. त्या संथ चालीत शब्दाशब्दांत भरपूर जागा होती. धाकटा हळूच आजोबांबरोबर गायला लागला, आणि कुठेच अडला नाही. एकदाही नाही. गाणं संपलं तेव्हा तो स्वतःच दचकला. त्याने सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली. त्या दिवशी मी पंचेचाळीसचा हट्ट सोडला. वाजू दे म्हटलं हळू.

त्यातून त्यांचा बँड उभा राहिला, 'जिन्याखालचे'. ताई गिटारवर, शेजारचा नळदुरुस्तीवाला ड्रमवर आणि गायला धाकटा. सहा महिने तालीम झाली. धाकट्याच्या चालण्यात फरक पडला, मान वर आली. सायकलच्या कारखान्याच्या वरच्या हॉलमध्ये सात बँड गाणार होते, त्यात यांचंही नाव लागलं.

मी तिथे नव्हतो. मला जे कळलं ते दुसऱ्या दिवशी नळवाल्याकडून. तो माझ्यासमोरच उभा राहून घड्याळजींना सांगत होता.

"काका, सुरुवात झकास झाली हो. पण ते गाणं तिथे सगळ्यांना पाठ. आणि त्यांना पाठ होतं ते आमच्यापेक्षा कितीतरी पळणारं. लोकांना वाटलं, आम्ही टिंगल करतोय. 'पळवा, पळवा' म्हणून टाळ्या सुरू झाल्या. मीही घाबरून काठ्या पळवल्या. मग तुमचा धाकटा पळायला गेला आणि 'बा'वरच अडकला. बा, बा, बा... आणि काका, अख्खा हॉल त्याच्याबरोबर बा-बा करायला लागला. त्यांना वाटलं, गाणंच तसं आहे."

घड्याळजींनी कानातला कापूस काढून हे सगळं ऐकलं, कापूस पुन्हा घातला आणि ते खाली दुकानात गेले.

त्या दुपारी ताई एकटी माझ्यासमोर बसली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने बटण उजवीकडे वळवलं. आजोबा नाहीसे झाले. सोळा-सतरा वर्षांची एक पोरगी भन्नाट वेगाने गात होती, दारावर लाथा घालत असल्यासारखी. ताईचा चेहरा उतरला. नेमका तेव्हाच धाकटा दारात येऊन उभा राहिला.

"ह-हे काय आहे?"

आता बघा हं. मुलगी एरवी शूर. खरं सांगायचं तर एकच वाक्य होतं: अरे, माझं चुकलं. पण जिला सगळं माहीत असतं, तिला हे वाक्य पाठ नसतं.

"या डबड्याचा पट्टा सैल झाला होता," ताई म्हणाली. "म्हणून इतके दिवस हळू वाजत होतं. आता तात्पुरता ओढून बसवलाय, पुन्हा सैल होईलच."

डबडं! आणि पट्टा! मित्रांनो, काही रेकॉर्ड प्लेअरमध्ये रबरी पट्टा असतो, तो मोटरवरून तबकडीला फिरवतो. मला पट्टाच नाही. माझी तबकडी थेट मोटरवर बसते. माझा पट्टा सैल होणं म्हणजे माशाचा पाय मुरगळण्यासारखं आहे. पण आळ घ्यायला गरीब बापडा मी होतोच समोर. धाकट्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही. मग त्याने मला उचललं आणि माळ्यावर नेऊन ठेवलं.

त्यानंतर धाकटा गायला नाही. बोलायचाही अगदी नाइलाज झाला तरच. वडिलांच्या मागे त्याने दुकान सांभाळलं. गिऱ्हाईक घड्याळ ठेवायचं, हा चिठ्ठीवर तारीख लिहून द्यायचा. लग्न झालं, मुलगी झाली. ताई दर रविवारी जेवायला यायची, दोघांच्या वाटचं एकटीच बोलायची, पण त्या विषयाला तिने कधी हात घातला नाही. नळवाल्याने एकदा विचारून पाहिलं, तेव्हा धाकटा म्हणाला, "न-नळ बघ."

आणि मी? पंख्याचं तुटकं पातं आणि कडी गेलेली सुटकेस यांच्यामध्ये पडून होतो. झाकणावरची यादी कसरीने खाल्ली. तिने आधी पहिला नंबर खाल्ला, एवढंच काय ते समाधान.

गेल्या आठवड्यात धाकट्याची लेक कॉलेजातून दोन रेकॉर्ड घेऊन आली. म्हणे पंक पुन्हा ऐकतात हल्ली.

"बाबा, माळ्यावर तो प्लेअर आहे ना?"

"बि-बिघडलाय. पट्टा गेलाय."

"मग नवीन घाला! जगाची घड्याळं दुरुस्त करता आणि एक पट्टा घालता येत नाही?"

हे त्याला लागलं. आज रविवारी सकाळी त्याने मला खाली उतरवलं, पुसलं, कामाच्या टेबलावर ठेवलं. डोळ्याला भिंग लावून माझे चार स्क्रू काढले. उघड, बाबा, उघड! तीस वर्षं मी याच क्षणाची वाट पाहत होतो. त्याने आत पाहिलं. पट्टा शोधला. पट्टा अडकवायची चाकी शोधली. मग भिंग पुसून पुन्हा पाहिलं.

सांध्यांत तेल घालून, नवी सुई बसवून त्याने तबकडीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवला. बटण डावीकडे वळवलं. घड्याळ हातात धरून त्याने फेरे मोजले. तीन मिनिटांत शंभर, ना एक कमी ना एक जास्त.

जेवायच्या वेळेला ताई आली. तिचे केस आता दोन्ही बाजूंनी सारखे आणि पांढरे. टेबलावर मला उघडा पाहून ती दारातच थबकली.

"ताई, ह्याला प-"

"पाणी देऊ?" ती घाईने म्हणाली.

"पट्टा नाही," धाकट्याने वाक्य पुरं केलं.

ताई खुर्चीवर बसली. "नाही," ती म्हणाली. "नव्हताच. बटण मी चुकीचं लावलं होतं, पहिल्याच दिवशी. आणि तू दारात उभा, तुझा तो चेहरा... नाही सांगता आलं रे मला. उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिले."

"त-तीस वर्षं?"

"हो."

मला वाटलं, आता तो ओरडेल. ओरडायलाच हवं होतं, निदान माझ्या वतीने तरी. तो मात्र तबकडीवर हात ठेवून एकेक शब्द काढत राहिला आणि ताई, आश्चर्य म्हणजे, मध्ये बोलली नाही.

"मला वाटायचं, य-यंत्र बिघडलेलं होतं म्हणून मी गाऊ शकलो. ते दुरुस्त झालं की सं-संपलं. म्हणून कधी उघडलाच नाही. माझं ते गाणं ख-खरं नव्हतंच, असंच धरून चाललो."

मी चकित झालो. तीस वर्षं मी समजत होतो की हा माझ्यावर रागावलाय. हा तर मी बरा होईन म्हणून भ्यायला होता.

लेकीने पुठ्ठ्याच्या कव्हरातून फाटके मोजे काढले. "पंचेचाळीसवर लावू का?" ताईने अगदी हळू विचारलं. "ती पोरगी भारी गाते रे."

"न-नको," धाकटा म्हणाला आणि त्याने सुई ठेवली. चिखलातून ड्रमवाला चालू लागला.

"आत्या, हे इतकं हळू का?"

"कारण तुझी आत्या गाढव आहे," ताई म्हणाली. तीस वर्षांत तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं अचूक विधान.

आणि धाकटा गायला. "बाजूला" हा शब्द सबंध बाहेर आला, त्याच्यामागे पुढचा, त्याच्यामागे त्याच्या पुढचा. आवाज आता खरोखरच आजोबांसारखा झाला होता. गाणं संपलं तेव्हा ताई पदर नव्हता म्हणून बाहीने डोळे पुसत होती.

"बेसूर आहेस," ती म्हणाली.

"पंक आहे," धाकटा म्हणाला. एका दमात.

मित्रांनो, यंत्रावरची धूळ पुसा, सुई वेळेवर बदला, हे तर कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. चूक तुमची असेल तर तुमचीच म्हणा, आणि त्याच दिवशी म्हणा. आमच्यासारख्या मुक्यांच्या डोक्यावर ती लादलीत, तर आम्ही माळ्यावर जातोच, पण आमच्याबरोबर आणखी कुणाचं तरी गाणं जातं.

एवढं रामायण होऊनही ही मंडळी सुधारली म्हणावं, तर मला चालूच ठेवून तिघं जेवायला आत गेली आहेत. रेकॉर्ड केव्हाच संपली. सुई शेवटच्या खाचेत खरडते आहे, नवी कोरी सुई! अहो, कुणीतरी येऊन ती उचला! पण आत ताटं वाजताहेत आणि त्या आवाजात धाकटा अजून गातो आहे. जाऊ दे. फिरतो आणखी थोडा वेळ.