आमदारांच्या ताटातली भाकर

दित्या वसावे मस्कतला आला तेव्हा मराठी मंडळाने त्याला शाल दिली, नारळ दिला आणि चौकटीत बसवलेला ओमानी खंजीर दिला. हार घालायचं काम माझ्याकडे होतं, कारण अख्ख्या मंडळात सातपुड्यातली भिल्ल मी एकटीच. लोकांसमोर त्याला ‘साहेब’ म्हणावं लागतं. इथे मी एकेरीच लिहिणार आहे.

मंडळाचे अध्यक्ष दयानंद सर त्याची ओळख करून देताना भारावले होते. पाड्यातला पहिला मॅट्रिक, जिल्हा परिषदेचा सदस्य, तीनदा आमदार, एकदा राज्यमंत्री, उत्तर महाराष्ट्रातल्या आदिवासींचा बुलंद आवाज. यातलं काहीच खोटं नव्हतं. दित्याने माइक हातात घेतला, डोळे पुसले आणि म्हणाला, “आम्ही ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली माणसं.” टाळ्या पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो माझ्याच पाड्याचा. पहिल्या निवडणुकीला तो आमच्या अंगणात उभा राहिला होता. धरणाच्या बातम्या तेव्हाच येऊ लागल्या होत्या आणि माझा बा म्हणाला होता, आधी शपथ घे, मग मतं माग. आमच्या पाड्यात शपथ नुसत्या तोंडाने होत नाही. ओंजळीत ज्वारी घ्यायची, कणसरीचं, म्हणजे आमच्या धान्यदेवतेचं नाव घ्यायचं आणि दाणे सगळ्यांसमोर चावून खायचे. दित्याने खाल्ले. “मी जिवंत असेतो हा पाडा हलणार नाही,” म्हणाला. शपथ मोडणाऱ्याने पाड्यासमोर येऊन कबुली देईपर्यंत ज्वारीला तोंड लावायचं नसतं. लावली तर कणसरी त्याचं घर उजाड करते, असं आमची माणसं मानतात. मी इंजिनिअर आहे, तरी मीही थोडं मानते.

आता, २०१७ साली, धरण मंजूर झालं होतं. बा पाड्यातल्या बायकांना घेऊन धरणाच्या कामाकडे जाणारा रस्ता अडवून बसला होता. त्याला दमा आहे. पोलीस कधीही उचलतील, लाठी पडेल, या विचाराने मला जेवण जात नव्हतं. त्याने तिथून उठावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि हे दित्याला चांगलं माहीत होतं.

कार्यक्रम संपल्यावर तो म्हणाला, “संध्या, उद्या तुझ्याकडे जेवतो. तुझ्या बाशी बोलायचं आहे. तुझंच ऐकेल तो.”

सकाळी मी मत्रहला सादिकभाईंच्या दुकानात गेले. ते रत्नागिरीचे. “ज्वारीचा पीठ? हय कोण खाता गो?” म्हणत त्यांनी मागच्या फळीवरून पिशवी काढून दिली.

शुक्रवारची सुट्टी होती. दयानंद सर त्याला बौशरला माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. मी उडदाची डाळ, ठेचा आणि गरम भाकऱ्या वाढल्या. भात झाकूनच ठेवला.

“तुझ्या बाला सांग, धरणाचं काम मी थांबवलंय,” दित्या म्हणाला. “उगाच म्हातारा उन्हात बसलाय. मंडप काढा, घरी जा. शब्द आहे माझा.”

“जेवा आधी, काका,” मी म्हटलं.

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. डाळीत बुडवला. मग माझ्याकडे पाहिलं आणि तुकडा ताटाच्या कडेला ठेवला.

दयानंद सरांची दुसरी भाकर चालू होती. “अहो, घ्या ना साहेब. काल स्टेजवर म्हणालात ना, भाकरीवर वाढलो म्हणून.”

“डॉक्टरने बंद केलीय,” तो म्हणाला. “पित्त होतं. भात आहे का ग?”

मी भात वाढला. हयातभर खोटं बोलून खुर्च्या मिळवलेला माणूस एका घासाला घाबरला होता. त्याची कीव यावी असं मला क्षणभर वाटलं, पण आली नाही. सरकारला तो भीत नाही, लोकांना भीत नाही, आणि माझ्या टेबलावर ज्वारीला भितो. हीच भीती त्याने धरणाच्या मंजुरीवर सही करताना बाळगली असती तर माझा बा आज रस्त्यावर नसता.

“लाव फोन,” हात धुऊन तो म्हणाला.

मी लावला, स्पीकरवर ठेवला. पलीकडे बायकांचं गाणं चाललं होतं आणि बा खोकत होता. मी म्हटलं, दित्याकाका आलेत, काम थांबवलंय म्हणतात, तुम्ही उठा म्हणतात.

बाने कामाचं काहीच विचारलं नाही. “तू काय वाढलंस त्याला?”

“भाकर.”

“खाल्ली त्याने?”

दित्या पुढे झुकला. आवाज न करता त्याने मान हलवली, हो म्हण म्हणून. मग हात जोडले. राज्यमंत्री राहिलेला माणूस माझ्या डायनिंग टेबलाशी हात जोडून बसला होता. दयानंद सर आळीपाळीने आमच्या दोघांकडे बघत होते.

एवढंच म्हणायचं होतं, हो. बा उठला असता. रात्री घरी, अंथरुणावर झोपला असता. त्याचा खोकला मला ऐकवत नव्हता.

“नाही, बा,” मी म्हटलं. “भात खाल्ला.”

गाणं तसंच चालू होतं.

“बरं,” बा म्हणाला. “मग बायकांना सांगतो, चुली इथेच आणा.”