पाच बोल्टांची स्टेपनी

शनिवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. मंद्रूपहून सोलापूरला निघालेल्या भाड्याच्या मोटारीचे मागचे उजवे टायर आठव्या मैलाच्या दगडापाशी फुटले. गाडीत चार माणसे होती. त्यांतल्या पाच वर्षांच्या मुलीला नीट श्वास घेता येत नव्हता.

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. त्या मोटारीच्या डाव्या बाजूला टांगलेले राखीव चाक ते मीच. रस्त्यात एखादे चाक निकामी झाले तर त्याच्या जागी मला लावायचे, एवढ्यासाठी माझा जन्म झाला. शनिवारी ते काम मला सांगितले गेले. ते मला करता आले नाही. का, ते सांगते.

माझी घडण परदेशातली. लाकडी आरे, लोखंडी धाव आणि मधोमध पाच बोल्टांची पाच भोके. १९२४ साली आगबोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने सोलापूरला आले. आम्ही पाच बहिणी अगदी एकसारख्या होतो. कोणीही कोणाच्या जागी बसावे. पहिला मालक एका गिरणीतला साहेब होता. त्याच्याकडे पाच वर्षांत मला दोनदा रस्त्यावर उतरवले. दोन्ही वेळा वीस मिनिटांच्या आत गाडी पुन्हा चालू झाली.

१९२९ मध्ये नवी पेठेतले कापडाचे व्यापारी बसलिंगप्पा यांनी ती मोटार घेतली आणि सोलापूर ते मंद्रूप भाड्याने चालवायला सुरुवात केली. अर्धा रस्ता दगडांचा, अर्धा काळ्या मातीचा. पावसाळ्यात माझ्या बहिणी आसापर्यंत रुतत. मग उतारूंनी उतरून ढकलायचे. बसलिंगप्पांना मोठ्या चाकांच्या लॉऱ्या त्याच चिखलातून निघून जाताना दिसत. यंदाच्या, म्हणजे १९३१ च्या ज्येष्ठात, त्यांनी मोडीत निघालेल्या एका लॉरीची चार चाके मिळवली. लॉरीचे पाचवे चाक कधीच हरवले होते.

चाके बसवायला मौलाली मिस्त्रीला चार दिवस लागले. त्याने मडगार्डच्या कडा कापल्या, स्प्रिंगांखाली लोखंडी ठोकळे घातले आणि आसांच्या चारही टोकांना लॉरीचे तुंबे चढवले. तुंबा म्हणजे चाक ज्यावर बसते तो मधला भाग. या तुंब्यांना सहा बोल्ट होते. सगळे झाल्यावर त्याने मला उचलून एका तुंब्यावर धरून पाहिले आणि खाली ठेवले.

"सेठ, पाँचवा बी लेव. ये पुराना इसपे बैठताच नई."

"गाडी चार चाकांवर चालतीय की पाचांवर?" बसलिंगप्पा हसत म्हणाले. "दिवाळीला आणू की पाचवं. आत्ता कुठं शोधू?"

"दिवाली तक पंचर हुआ तो?"

"एवढं जाड टायर! त्याला काय होतंय?"

मौलाली पान्हे गोळा करू लागला. महिन्याभराने तो गुलबर्ग्याला कामाला गेला. मी बसत नाही हे आता फक्त बसलिंगप्पांना माहीत होते, आणि ते गाडीतून क्वचितच जात.

माझ्या चारही बहिणी भंगारात गेल्या. मला मात्र परत टांगले, कारण भाड्याच्या गाडीला स्टेपनी लागते. मी इतर चाकांहून लहान दिसू नये म्हणून बसलिंगप्पांनी मेणकापडाचे मोठे आवरण शिवून घेतले आणि दोरीने गच्च बांधले. आषाढात तपासणी झाली. "स्टेपनी?" असे विचारून एका अंमलदाराने आवरणावर छडी मारली. मी वाजले. त्याने कागदावर खूण केली.

मोठ्या चाकांचे कौतुक फार झाले. चिखलात टांगे अडकत आणि आमची मोटार बाजूने निघून जाई. काही गोष्टी बिघडल्याही होत्या. ब्रेक आधीपेक्षा लवकर दाबावा लागे. वेगाचा काटा वीस दाखवी तेव्हा गाडी तेवीस-चोवीसने धावत असे. श्रावणात नवा ड्रायव्हर हरिबा आला. त्याने हे सगळे आठ दिवसांत ओळखले आणि सांभाळून घेतले. माझी दोरी सोडून पाहण्याचे तेवढे राहिले. तो मला रोज पुसायचा आणि उतारूंना सांगायचा, "आमच्या स्टेपनीला अजून भुईवर पाय ठिवायची पाळी न्हाय आली."

शनिवारी बाजाराचा दिवस नव्हता. मंद्रूपला दोनच गिऱ्हाइके मिळाली. एक मेंढपाळ धुळाप्पा, साठीचा, तोंडाने सैल. दुसरी मायाक्का. तिच्या मांडीवर तिची मुलगी म्हाळसा होती. मुलीला घटसर्प झाला होता. घशात पांढरा पडदा धरला होता आणि त्यावरची सुई फक्त सोलापूरच्या दवाखान्यात होती. गावच्या वैद्याने सांगितले होते, दिवस मावळायच्या आत पोचा.

"हरिबा, ही मोटार हाय का उंट?" चढताना धुळाप्पा म्हणाला. "शिडी ठिवत जा की रं."

"तात्या, उंट सुदीक बसतो खाली. ही बसत न्हाय."

मायाक्का हसली नाही.

आठव्या मैलापाशी धारेचा एक दगड टायरच्या बाजूने आत शिरला. वीतभर चीर पडली. ठिगळ लागण्यासारखी ती नव्हती.

"भिऊ नगंस मायाक्का," हरिबा म्हणाला. "धा मिंटात चाक बदलतो."

वायव्येला आभाळ काळे झाले होते. त्याने माझी दोरी सोडली, आवरण काढले आणि थबकला.

"ही तर बारकी हाय," धुळाप्पा म्हणाला.

"बारकी आसू दे, हळू जाऊ."

जॅक उंच आसाला पुरला नाही. खाली दगड रचून गाडी उचलावी लागली. फुटलेले चाक निघाले. हरिबाने मला दोन्ही हातांनी तुंब्यावर लावले. एकदा. फिरवून दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

"उलटी धरलीस का?"

"तात्या, हितं सा बोल्ट हायत. हिला भोकं पाच."

"मग येक सोड की."

"येकबी जुळंना हो!"

हरिबाने मला खाली ठेवले. मला मुलीचा श्वास ऐकू येत होता.

"हरिबादादा," मायाक्का म्हणाली, "सूर बदाललाय तिचा. शिट्टीवानी वाजतंय नरड्यात. मी चालत निगू का?"

"आट मैल हाय. बस तू. न्हेतो मी."

रस्त्यावर एकही बैलगाडी नव्हती. धुळाप्पा बांधावरचे गवत उपटायला धावला. दोघांनी फाटक्या टायरमध्ये गवत कोंबले. ते पुरेना, तेव्हा धुळाप्पाने खांद्यावरची घोंगडी काढली, विळ्याने फाडली आणि तीही आत ठासली. वरून चऱ्हाट गुंडाळले आणि ते चाक पुन्हा जागेवर चढवले. हरिबाने मला उचलून मैलाच्या दगडाला टेकवले.

"ह्ये वझं नगं. येताना घिऊ."

पाच वाजून पाच मिनिटांनी मोटार निघाली. ती माणसाच्या पळण्याइतक्या वेगाने जात होती आणि मागचे चाक दर फेऱ्याला उडत होते. वळणाआड जाईपर्यंत मी पाहिले.

मित्रांनो, मी मोडलेली नाही. माझा एकही आरा सैल नाही. मला पुसले, झाकले, तपासले. लावून मात्र कोणी पाहिले नाही. तुमच्या घरीही अडचणीसाठी ठेवलेल्या वस्तू असतील. गाडीत, घरात काही नवे बसवाल तेव्हा त्या जुन्या वस्तू त्याला जुळतात का, हे एकदा लावून पाहा. अडचण येण्याआधी पाहा.

रविवारी सकाळी साडेनऊला सोलापूरच्या बाजूने एक बैलगाडी आली. गाडीवान भिमा याचे शेत पाच मैल पुढच्या ओढ्याच्या अलीकडे आहे. सडकेवर खडी फोडणाऱ्या बिगाऱ्याशी तो बोलत उभा राहिला.

"ओढ्याला लई पाणी आलंय. काल साडेपाचला लोंढा आला. मोटार आली सा वाजून गेल्यावर. आदी आली आस्ती तर गेली आस्ती बग."

"मग?"

"अलीकडंच हुबी हाय. चाकातनं घोंगडी भाईर आलीया. म्हातारा आत बसलाय, जाणाऱ्या-येणाऱ्याला इचारतोय, पल्याडची काय खबर म्हून."

"आन बाकीची?"

"डायवर काठी टाकत पुडं शिरला, मागनं बाई. आजारी पोरगी तिच्या डोक्यावर. छातीएवढं पाणी. पल्याड चडली दोगं, येवढं म्या शेतातनं बगितलं."

"पोरगी हलत हुती का?"

"लांबनं कसं दिसंल?"

ओढ्यापासून सोलापूर तीन मैल आहे. पाणी अजून उतरलेले नाही आणि पलीकडून कोणी आलेले नाही.