आवाज माझा बसला नव्हता

मित्रांनो, मला कोपऱ्यात पाहून अनेकांना मी चपला ठेवायची पेटी वाटतो. पण मी एक जुना अॅम्प्लिफायर आहे. इलेक्ट्रिक गिटार एकटी असली की नुसती कुजबुजते. त्या कुजबुजीची गर्जना करतो तो मी. एका लहानशा कारखान्यात माझ्या तारा जोडल्या गेल्या, लाकडी अंगावर काळं रेक्झिन चढलं आणि एका लांब केसांच्या हडकुळ्या मुलाने मला विकत घेतलं. बँडमधले सगळे त्याला दादा म्हणत.

दादाचा पहिला अल्बम खूप गाजला. मग शिरस्ताच पडला. अल्बमला दहा वर्षं झाली, पंचवीस झाली, की तीच गाणी, त्याच क्रमाने, माझ्यावरच वाजवायची आणि माझं आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळायचं. पंचविसाव्या वर्षी फोटो काढताना ड्रमवाला म्हणाला, "या खोक्यालाही घ्या रे. आपल्यात पोट न सुटलेला हा एकच उरलाय."

चाळिसावं वर्ष जवळ आलं आणि माझ्यावर बालंट आलं. याचा आवाज बसलाय, असं दादा म्हणू लागला. दुरुस्तीवाल्याने मला उघडून पाहिलं, दोष सापडला नाही. तरी दादाचं पालुपद तेच. अखेर मला अडगळीत टाकायचं ठरलं. एवढा गर्जना करणारा मी, पण स्वतःची बाजू मला मांडता येईना.

ती मांडली दादाच्या मुलीने. तिचं बाळ नुकतंच रांगू लागलं होतं. दादाचा सराव सुरू झाला की दोन दारांपलीकडे ते दचकून रडायचं. तिच्या मनात पाल चुकचुकली. एकदा दादा शांतपणे तारा पुसत बसला असताना तिने मागून विचारलं, चहा टाकू का. दादा वळला नाही. तिने पुन्हा विचारलं. मग ती समोर येऊन बसली.

"बाबा, अॅम्प ठणठणीत आहे. तुला ऐकू कमी येतंय."

"एवढा काही म्हातारा झालो नाही मी."

"नसशील. पण बाळ पहिला शब्द बोलेल, तेव्हा तो तुला ऐकू यायला हवा ना?"

दादाने हातातलं फडकं खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी दोघं कानाच्या डॉक्टरांकडे गेली. गेलेलं परत येणार नाही, मोठा आवाज टाळा, उरलेलं जपा, असं त्यांनी सांगितलं. हळूच वाजवायचं तर वाजवायचंच कशाला, म्हणत दादा चाळिसाव्या वर्षाचा कार्यक्रम रद्द करायला निघाला. मुलीने वाद घातला नाही. तिने माझं बटण पावपर्यंत आणलं आणि गिटार त्याच्या हातात दिली.

वर्धापनदिनी दादाने कानात यंत्र लावलं. मी बेताने बोललो. दुसऱ्याच गाण्यात तो थबकला. सगळं सभागृह त्याच्याबरोबर गात होतं.

"हे लोक आधीही गायचे?" त्याने ड्रमवाल्याला विचारलं.

"चाळीस वर्षं," तो म्हणाला.

दादाने पुढचं कडवं त्यांच्यावरच सोडलं आणि तो ऐकत उभा राहिला.

मित्रांनो, आपले कान जपा. आणि तुमच्या घरातलं कोणी टीव्हीवर, फोनवर किंवा माझ्यासारख्या मुक्या खोक्यावर आवाज बसल्याचा आळ घेऊ लागलं, तर हसू नका. त्यांच्या समोर जाऊन बसा आणि सावकाश बोला.