पुढची खोली

तपासणीवाले लंडनहून येणार म्हटल्यावर आमच्या खात्यात जी झाडलोट सुरू झाली, ती बघून मला आईची आठवण झाली. पाद्री घरी येणार असला की ती अशीच पिसाटायची. पाय मोडलेल्या खुर्च्या तळघरात गेल्या. भिंतींवर हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो लागले. त्यातला एकही म्हातारा आमच्या ब्रॅकनशॉ गावचा नव्हता. आमचे इतके हसत नाहीत.

मी कौन्सिलच्या समाजसेवा खात्यात आहे. म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरी मदतनीस बाई किती वेळा लागते ते ठरवायचं आणि दर वर्षी जाऊन फेरपाहणी करायची, हे माझं काम. दर वर्षी म्हणजे नियमात. आमच्यातले निम्मे लोक सोडून गेलेत आणि उरलेल्यांच्या नाकी नऊ आलेत, त्यामुळे दोन-दोन वर्षं कुणाचं तोंड दिसत नाही.

ग्रॅहम आमचा साहेब. माणूस वाईट नाही, फक्त घाबरट आहे. त्याने आम्हाला ओळीने उभं करून आमच्याकडून उत्तरं घोकून घेतली.

"नोरीन, ताण आहे का असं त्यांनी विचारलं तर?"

"ताण आहे, पण आमचं भागतंय."

"शाब्बास. आणि चेहरा असा करू नकोस."

"हा जन्मापासूनचाच आहे, ग्रॅहम."

मग त्याने मला बाजूला घेतलं. तपासणीच्या बाईंना एक फेरपाहणी प्रत्यक्ष बघायची होती आणि त्याने त्यांच्यासाठी एन्टविसलांचं घर निवडलं होतं. विल्फ एन्टविसल, जुना बस ड्रायव्हर, आणि त्याची बायको एड्ना, जिला आता काही आठवत नाही. घर चकचकीत, म्हातारा सभ्य, तक्रारीचा शब्द नाही.

"शिवाय," ग्रॅहम आवाज उतरवून म्हणाला, "त्यांचं बरं चाललं असेल तर संध्याकाळची मदतनीस बाई आपल्याला मोकळी करता येईल. मिसेस पिलिंग हॉस्पिटलात अडकून पडल्यात. घरी मदतीला कुणी नाही म्हणून त्यांना सोडत नाहीत. ती बाई त्यांना देता येईल."

हे असंच असतं. आम्ही कुणाला काही देत नाही, एकाच्या ताटातलं काढून दुसऱ्याच्या ताटात वाढतो. मिसेस पिलिंगला मी ओळखत होते, त्यामुळे ग्रॅहमवर धड चिडताही येईना.

तपासणीच्या बाई म्हणजे मिसेस लेथब्रिज. उंच, कमी बोलणाऱ्या, पायात साधे, सपाट टाचांचे बूट. गाडीतून जाताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "या घरी शेवटचं कधी आला होता?" मी म्हटलं, "बरेच दिवस झाले." त्यांनी पुढे काही विचारलं नाही, याचाच मला त्रास झाला.

आमच्याकडच्या घरांना दोन दारं असतात. मागच्या गल्लीतलं दार घरच्यांचं आणि शेजाऱ्यांचं. पुढचं दार डॉक्टर, पाद्री आणि कौन्सिलवाल्यांसाठी. पुढचं दार उघडलं की पुढची खोली. तिथे रोज कुणी बसत नाही. घरातलं सगळं चांगलं तिथे ठेवायचं, पाहुण्याला तिथे बसवायचं आणि पाहुणा गेला की दार लावून पुन्हा मागे स्वयंपाकघरात जायचं. मी याच गावात वाढले. तरीही इतकी वर्षं लोकांच्या पुढच्या खोलीत बसून त्यांचं कसं चाललंय ते ठरवत आले.

विल्फने दार उघडलं. कोट, बस कंपनीचा टाय, बूट आरशासारखे. गालावर वस्तऱ्याने कापल्याची खूण ताजी होती.

"या, या मॅडम. ये पोरी." मी पन्नाशीची, पण विल्फसाठी पोरीच.

खोलीत गारठा होता. शेगडी आत्ताच पेटवलेली, तिची ऊब अजून कुणापर्यंत पोचली नव्हती. टेबलावर सोनेरी काठाचे कप आणि जाळीदार कागदावर गोलात मांडलेली बिस्किटं. एड्ना खुर्चीत बसली होती. केस नीट विंचरलेले, पोलक्याची बटणं मात्र एक घर सोडून लावलेली. विल्फ तिच्या मागे, खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"बसा की तुम्ही," मिसेस लेथब्रिज म्हणाल्या.

"मी बराय असा. बसून बसून कंटाळा येतो."

मी विचारायला लागले. रात्री झोप होते का? होते की. तुमचं जेवणखाण? व्यवस्थित. एड्नाला उचलणं, अंघोळ? "पिसासारखी हलकी आहे ती, पोरी." संध्याकाळी मदतनीस आली नाही तर? खुर्चीवरची त्याची बोटं पांढरी पडली.

"दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल तर द्या तिला," तो म्हणाला. "आमचं भागतंय."

बस, एवढंच हवं होतं. माणूस स्वतः जे म्हणतो तेच धरायचं, असा आमचा नियम आहे आणि नियम चांगलाच आहे. मिसेस पिलिंग आठवड्याभरात घरी गेली असती, ग्रॅहमने मला केक खिलवला असता. माझ्या तोंडात "बरं तर मग" आलंही होतं.

तेवढ्यात एड्ना बोलली.

"कोण गेलं?"

"कुणी नाही गं," विल्फ म्हणाला.

"मग आपण इथे का बसलोय? ही खोली कुणी गेलं की उघडतात." तिने माझ्याकडे पाहिलं, मग लेथब्रिजबाईंकडे. तिच्या आवाजात कुरकुर नव्हती, शेजारणीशी बोलावं तशी बोलत होती. "तुम्ही त्या माणसाच्या आहात का कुणी?"

"कुठल्या माणसाच्या?" मी विचारलं.

"हा काय, मागे उभाय तो. फार चांगलाय हो. पण रडतो बिचारा. स्वयंपाकघरात नळ सोडून रडतो, मला वाटतं रोजच. त्याला घरचं कुणी नाही का? कुणी नाही वाटतं."

विल्फ लालबुंद झाला.

"काहीतरीच बोलते. तिला कळत नाही, मॅडम. जुनं काहीतरी मनात येतं आणि..."

"बस रे बाबा," एड्ना त्याला म्हणाली. तिने हात मागे नेऊन चाचपडत त्याची बाही पकडली. "पाय दुखत असतील. दिवसभर उभाच असतोस. बायका चहा देतील तुला."

चारचौघांत तक्रार करायची नाही, हे आमच्याकडे पाळण्यातच शिकवतात. एड्नाही त्यातच वाढलेली. बाकी सगळ्याबरोबर ती तेवढंही विसरली होती, म्हणून त्या घरात खरं बोलणारी ती एकटी उरली होती.

विल्फ बसला. कोचाच्या अगदी कडेला, परक्या घरी बसावं तसा. मला स्वतःचा संताप आला. मी उठले, सोनेरी कपात चहा ओतून त्याच्या हातात दिला आणि प्रश्नांचे कागद पिशवीत घातले.

"विल्फ, मी परत विचारते. या मॅडम इथे नाहीत असं समजा. भागतंय का?"

त्याने कप टेबलावर ठेवला.

"नाही गं पोरी," तो म्हणाला. "नाही भागत."

परतताना मिसेस लेथब्रिजनी रस्त्याकडे बघतच विचारलं, "आणि तुमच्या खात्याचं कसं चाललंय?"

घोकलेलं उत्तर जिभेवर तयार होतं. मी गाडी कडेला घेतली, कारण गाडी चालवत हे बोलणं मला जमणार नव्हतं. तळघरातल्या खुर्च्यांपासून सुरुवात केली. दोन वर्षांत या घरी फेरपाहणीला कुणी फिरकलं नव्हतं आणि आज आम्ही होती ती मदतही काढून घ्यायला आलो होतो, हे सांगितलं. मिसेस पिलिंगचंही सांगितलं, कारण एन्टविसलांची बाई राहिली तर त्या हॉस्पिटलातच राहणार होत्या आणि तेही खरंच होतं. शेवटी लेथब्रिजबाई एवढंच म्हणाल्या, "खुर्च्या मी पाहिल्या. सकाळी तळघराचं दार चुकून उघडं राहिलं होतं."

अहवाल आला तेव्हा ग्रॅहमच्या तोंडचं पाणी पळालं. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही, पाचव्या दिवशी येऊन माझ्या टेबलावर बसला आणि म्हणाला, "तू विल्फला विचारलंस तसं मला कुणी विचारलंच नाही गं."

एन्टविसलांची संध्याकाळची बाई राहिली. आठवड्यातून एक दिवस एड्ना म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रात जायला लागली, म्हणजे विल्फला तेवढी झोप. मिसेस पिलिंगला घरी मदतीला अजून कुणी मिळालेलं नाही. मी दर शुक्रवारी हॉस्पिटलात जाते आणि ती दर शुक्रवारी म्हणते, "माझी काळजी करू नकोस, बाई, माझं बरं चाललंय." आता मी तिथून लगेच उठत नाही.

परवा एन्टविसलांकडे गेले. पुढच्या दाराची कडी वाजवली, पण कुणी उघडेना. तेवढ्यात वरची खिडकी उघडली आणि विल्फने डोकं बाहेर काढलं. दाढी वाढलेली, अंगात बाह्या फाटलेला स्वेटर.

"पुढून काय आलीस पाहुण्यासारखी?" तो वरूनच ओरडला. "मागून ये. दार उघडंच आहे."