दोन्ही बोर्ड पास

भट्टीचं दार उघडलं आणि ती बघतच राहिली. जो बोर्ड टिकायला हवा होता, नेमका तोच फुगला होता.

ब्रेक सांभाळणाऱ्या कंट्रोल मॉड्यूलसाठी सर्किट बोर्ड कशाचा वापरायचा, हे ठरवायचं काम तिच्याकडे होतं. मॉड्यूल इंजिनाला खेटून बसणार, म्हणजे उष्णता आलीच. बोर्ड म्हणजे शेवटी काचेच्या धाग्यांचं कापड आणि राळ. राळ कुठली, यावर सगळं. नेहमीचा बोर्ड वर्षानुवर्षं वापरातला, तर नवा खास जास्त तापमानासाठी बनवलेला. दोन्हींवर भाग सोल्डर करून ते आळीपाळीनं तापवले, गारठवले. नेहमीचा ठणठणीत आणि नव्याच्या अंगावर फोड.

"मग अडलं कुठं?" साहेब म्हणाले. "जुना पास झाला. सही करा, मोकळ्या व्हा."

"पण साहेब, उलटं कसं झालं तेच डोक्यात शिरत नाहीये."

"डोकं बाजूला ठेवा. निकाल समोर आहे ना?"

बोर्डांची अदलाबदल झाली असेल म्हणून तिनं खुणा पुन्हा तपासल्या. तसंही काही नव्हतं.

घरी जेवताना तिचा घास हातातच राहिला. "काय गं, तोंड का पाडलंस?" दादानं विचारलं. तो त्याच कंपनीत चाचणीच्या गाड्या चालवायचा. हे मॉड्यूल बसवून घाट उतरायचं काम त्याच्याकडेच येणार होतं.

"कुठला बोर्ड द्यावा, काही सुचत नाहीये."

"नीट बघून दे बाई. मला काही झालं तर तुझी वहिनी जन्मभर तुझ्या डोक्यावर बसेल."

"ऐकू आलं हं मला!" आतून वहिनी ओरडली. दादा हसला. तिला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं फुगलेला बोर्ड कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आतले थर एकमेकांपासून सुटले होते.

"नव्याची हवाबंद पाकिटं कधी फोडली होती?" तिनं लॅबवाल्याला विचारलं.

"आली तेव्हाच. जुन्याची मात्र सोल्डर करायच्या दिवशी. सगळ्यांनाच हातात घेऊन बघायचा होता ना!"

उघड्यावर पडून नव्या बोर्डानं हवेतली ओल शोषली होती. सोल्डर करताना त्या ओलीची वाफ झाली, थरांची पकड सैल झाली आणि भट्टीत ती सुटलीच. तिनं उरलेले नवे बोर्ड आधी वाळवून घेतले आणि पुन्हा सगळी चाचणी केली. या वेळी दोन्ही पास! आता निवडायचा कुठला, म्हणून ती पार चक्रावली.

"नवा घेऊ," ती शेवटी साहेबांना म्हणाली. "पाकीट बंद ठेवायचं आणि वाळवूनच सोल्डर करायचं. चाचणीच्या शेवटी शेवटी जुन्याच्या विद्युतरोधाचे आकडे थोडे हललेत."

"खात्री आहे?"

"नाही. ती मोजण्यातली चूकही असू शकेल. पण ब्रेकच्या बाबतीत मला ते हलणं नको."

साहेबांनी कपाळ चोळलं आणि मान डोलावली.

नव्या बोर्डाचं मॉड्यूल बसवून दादा घाट उतरून परतला तेव्हा गाडीत समोर इशाऱ्याचा लाल दिवा लागलेला होता. ती गाडीकडे धावली. गाडी उघडली तर चाकाजवळच्या सेन्सरची पिन सैल झाली होती. मॉड्यूलला काही धक्का नव्हता. तरी तिनं त्यातला बोर्ड कापून बघितला. थर घट्ट होते.

"म्हणजे तुझंच बरोबर निघालं," दादा म्हणाला.

"हा टिकला, एवढंच. जुनाही टिकला असता का, कोण जाणे."

"मग ते कसं कळायचं?"

"तेच तर कळत नाहीये रे."

दादानं डोकं खाजवलं. मग दोघं मिळून सैल पिन घट्ट करायला गाडीखाली वाकली.