गिअर ऑइलची पोटदुखी

मित्रांनो, मी एका ऑटोमॅटिक गाडीतलं जुनं गिअर ऑइल. बोरीवलीच्या दर्शनाच्या गाडीत माझी सारी हयात गेली.

दर्शनाचा डावा पाय लहानपणापासून अधू. क्लच दाबणं तिला जमत नसे, म्हणून ही गाडी. तिच्या त्या पायाचं काम मी करायचो. पण लाड कुणाचे? इंजिन ऑइलचे. दरवर्षी त्याला बदलायचे, मधूनमधून तेल मोजायची पट्टी काढून त्याची तब्येत बघायचे. माझ्याविषयी तिचा भाऊ विशाल म्हणे, "त्याला काही बघावं लागत नाही गं." माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मला तरी काय हवं होतं? ऐंशी ते पंच्याण्णव अंशांची ऊब मिळाली की मी खूश. गार असलो तर जड, आळशी. एकशेवीसच्या पुढे गेलो की करपायला लागतो.

गेल्या मे महिन्यात दर्शना मुलाखतीला ठाण्याला निघाली. शेजारी विशाल. घोडबंदरच्या चढावर गाड्या तुंबल्या. जरा पुढे, थांब, पुन्हा जरा पुढे. मी तापतच गेलो. मनात आलं, जावं करपून. ओढू दे त्या लाडोबाला एकट्याला गाडी. तेवढ्यात दर्शनासमोर तापल्याचा दिवा लागला.

"चालव यार, थांबलीस तर इंटरव्ह्यू गेला," विशाल म्हणाला.

"आणि गाडी बसली तर रोज कामावर कशी जाऊ? तू सोडणार?"

तिनं गाडी कडेला घेऊन 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर टाकली, पण इंजिन चालू ठेवलं. इंजिन ऑइलनं ते फिरतं ठेवलं म्हणून मीही तेल गार करणाऱ्या कूलरमधून फिरलो, निवलो. ज्याचा हेवा करत होतो, त्याच्याच जिवावर वाचलो. हेवा मात्र तसूभरही कमी झाला नाही.

ती उशिरा पोचली. सगळ्यांच्या शेवटी तिला आत बोलावलं, पण नोकरी लागली. मग दहिसरच्या गॅरेजात ती मेकॅनिक श्यामसुंदरला म्हणाली, "दादा, आता रोज घाट आहे. आधी गिअर ऑइल बदला."

मी डब्यात उतरलो. माझ्या जागी ओतलं जाणारं नवं तेल बघून ती म्हणाली, "किती छान लाल आहे ना."

मीही तसाच होतो. तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

मित्रांनो, जो कुरकुरत नाही त्याचीही कधी विचारपूस करा. तो धडधाकट आहे तोवरच.