घाटाखालची वीज

इव्होनीने मेमरीची पट्टी दिव्याखाली धरली आणि तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायला घेतले. एक बाजू झाली की फुंकर, मग दुसरी बाजू. टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर कॉम्प्युटरचं कॅबिनेट आडवं पडलं होतं, पोट उघडं टाकून.

"तिसऱ्यांदा घासताय मावशी," दिर्सेऊ म्हणाला. "आता दात झिजून जातील तिचे."

"तुझे सांभाळ तू, जावईबापू. ती दुसरी पट्टी दे."

दिर्सेऊ तिच्या भाचीचा नवरा. तो कचेऱ्यांमधली झेरॉक्सची यंत्रं दुरुस्त करायचा आणि काम लवकर संपलं की दुपारी इव्होनीकडे यायचा. आज गुरुवार होता. घाटावरच्या कुरितिबात जूनची, ऐन हिवाळ्यातली थंडी पडली होती, म्हणून दोघांनी स्वयंपाकघरातच बैठक मारली होती. शेगडीवर कुकरमध्ये पिन्याँव, पाइनच्या लांबट बिया, शिजत होते. ते सोलून खायच्या आशेनेच हा येतो, असं इव्होनी त्याच्या तोंडावर म्हणायची.

यंत्र सगळं जुन्या सामानाचं होतं. कॅबिनेट एका दंतवैद्याच्या दवाखान्यातून बाद झालेलं. डिस्क भाचीच्या मोडक्या लॅपटॉपमधली. स्टीयरिंग आणि पेडलं जुन्या बाजारातली. क्लचच्या पेडलची स्प्रिंग गेलेली होती, तिथे इव्होनीने शिवणयंत्राची स्प्रिंग बसवली होती आणि तिन्ही पेडलं एका फळीवर ठोकून टाकली होती. उरलेलं, म्हणजे मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लाय, दिर्सेऊने महिन्यापूर्वी एका खोक्यातून आणलं होतं. शहरातल्याच शाशीम वस्तीतलं एक लॅन हाउस, पोरांचं भाड्याने कॉम्प्युटर खेळायचं दुकान, बंद पडलं, मालक फेकूनच देत होता, असं तो म्हणाला होता.

यंत्र सुरू व्हायचं. एकदा टुक करायचं, पडद्यावर चित्र यायचं. इव्होनी त्यावर तासन्‌तास पत्ते खेळत बसली तरी हूं की चूं नाही. पण ट्रकचा खेळ लावला, इंजिन गुरगुरलं, तिने पहिला गिअर टाकून गाडी आवाराच्या फाटकापर्यंत नेली, की सगळं काळं. पंखासुद्धा बंद. पंधरा दिवस हेच चाललं होतं.

आणि रविवार तीन दिवसांवर होता. दर रविवारी दुपारी दोन वाजता जुन्या ट्रकवाल्यांचा ताफा त्या खेळात निघायचा. चाळीस जण, निम्मे निवृत्त, आपापल्या घरी खुर्चीत बसलेले, कानाला हेडफोन लावून एकमेकांना शिव्या देत एकामागोमाग चाललेले. कुणीतरी हौशी पोरांनी घाटाचा नकाशा बनवला होता, वळणन्‌वळण खरं. ताफ्याचा म्होरक्या जांदीर. त्याने इव्होनीला जागा दिली होती, पण लागोपाठ दोन रविवार ती आली नव्हती. तिसरा चुकला की जागा दुसऱ्याला, हा नियम जांदीरनेच केला होता आणि तो स्वतःच्या मेहुण्यालाही सोडत नसे.

इव्होनीने दोन्ही पट्ट्या खाचेत दाबल्या. "स्क्रू ड्रायव्हर कुठे ठेवलास?"

तो तिच्या उजव्या हातापासून वीतभर अंतरावर होता. दिर्सेऊने तो उचलला आणि तिच्या डाव्या बाजूला ठेवला.

"हा काय," तो म्हणाला.

"जागेवर ठेवत जा वस्तू."

सव्वीस वर्षं तिने ट्रेलर चालवला होता. चार वर्षांपूर्वी डॉक्टरने तिच्या लायसन्सच्या कागदावर सही केली नाही. उजवा डोळा कडेने विझत चाललाय, म्हणाला. पण डॉक्टरकडे तिला कंपनीने पाठवलं होतं, आणि कंपनीला सांगितलं होतं ऑस्नीने. ऑस्नी अकरा वर्षं तिचा ट्रकवरचा जोडीदार होता. एक झोपला की दुसऱ्याने चालवायचं. घाट उतरताना एका वळणावर, उजव्या कडेला, तिच्याच बाजूला, बोनेट उघडून एक बंद पडलेली गाडी उभी होती. शेजारी बसलेल्या ऑस्नीने हात घालून स्टीयरिंग फिरवलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मला दिसली होती, मी वळवणारच होते, असं इव्होनी तेव्हा म्हणाली आणि पुढची चार वर्षं म्हणत राहिली. ऑस्नी पुढे घाटाखाली जॉइनव्हिलीला राहायला गेला. त्याचं नाव या घरात कुणी घेत नसे. घ्यायची वेळ आलीच तर "तो" म्हणायचे.

दिर्सेऊने वायर लावली. टुक. चित्र आलं. इव्होनीने खुर्ची ओढली, फळीवर पाय ठेवले, गाडी सुरू केली. फाटक आलं आणि पडदा काळा झाला.

"मेमरी नाही," दिर्सेऊ म्हणाला.

"मेमरी नाही," इव्होनी म्हणाली. तिच्या आवाजात वैताग कमी होता. ती कॅबिनेटमध्ये वाकून बघत होती. "कार्ड तुझ्या दुकानात चाललं?"

"दोन तास. काही झालं नाही त्याला."

"प्रोसेसर तापत नाही."

"नवीन पेस्ट मीच लावलीय. टूथपेस्ट लावते म्हणत होतात तुम्ही."

"एका वेळेपुरती चालते टूथपेस्ट." ती मागे टेकली. "बघ, म्हणजे तब्येत सगळ्यांची ठणठणीत आहे. सपाटीला धावते. चढण आली की दम तोडते. ट्रक असं करायला लागला तर तू आधी काय बघशील?"

"मी झेरॉक्सवाला आहे हो मावशी."

"मी डिझेल बघीन. इंजिनाला दोष देत बसलोय आपण पंधरा दिवस. इंजिनाला पोटभर मिळतंय का, ते कुणी बघितलं?"

"पॉवर सप्लाय मोजला होता मी. बरोबर आकडे आले."

"रिकामा असताना मोजलास. रिकामी गाडी कुणीही चढवेल."

तिने मागचे चार स्क्रू काढले. बोटांनी चाचपत, बघायची गरज नसल्यासारखे. पॉवर सप्लायचा डबा बाहेर ओढला, फडक्याने पुसला आणि प्रकाशात सगळीकडून फिरवून पाहिला. मागच्या अंगाला, वायर खोचायच्या जागेशेजारी, काळ्या टेपचा तुकडा चिकटवलेला होता. अंगठ्याएवढा, कडा नीट कापलेल्या. त्याचं एक टोक आत दुमडलेलं होतं.

इव्होनीचं नख त्या टोकापाशी थांबलं.

"काय झालं?" दिर्सेऊने विचारलं.

दुमडलेलं टोक धरून तिने टेप हळूच सोलली. खाली एक छोटं लाल बटण होतं आणि त्यावर पांढरे आकडे. दोनशे तीस.

त्या घरातलं कुणीही ते बघून हसलं असतं. घाटावरच्या भिंतीत एकशे सत्तावीसची वीज, घाट उतरला की दोनशेवीस. दिर्सेऊच्याच लग्नात खालच्या पाहुण्यांनी दिलेला मिक्सर इथे आणून लावला, तर तो बिचारा म्हाताऱ्यासारखा कण्हत फिरायचा. साधं केळं वाटलं जाईना. आणि वरच्या पोरी खाली नांदायला गेल्या की पहिल्या आठवड्यात केस वाळवायचं यंत्र जाळूनच माहेरी फोन करायच्या.

"अरे देवा!" दिर्सेऊने कपाळावर हात मारला. "टेपखाली बटण असेल हे डोक्यातच आलं नाही. आजकालच्या डब्यांना असतं कुठे बटण? आपली आपण ओळखतात वीज."

इव्होनीने त्याच्याकडे पाहिलं. मान पुरी वळवून.

"शाशीमला दोनशेवीस कधीपासून यायला लागली?"

दिर्सेऊ उठला. "कुकरची शिट्टी झाली वाटतं."

"चार झाल्या. बस खाली."

तो बसला. तिने टेपचा तुकडा बोटावर घेतला होता. ट्रकमध्ये फ्यूजवर, वायरवर, फुटलेल्या आरशाच्या कडेला, जिथे म्हणून टेप लावायची तिथे तिचं टोक आत दुमडणारा माणूस तिने आयुष्यात एकच पाहिला होता. ज्याला पुढे हे सोडवायचं असेल त्याला नख लागायला हवं, असं तो म्हणायचा. तिने कितीदा त्याची टिंगल केली होती त्यावरून. टेपला इस्त्री करतोस का, म्हणायची.

"सांगू नको म्हणाले होते," दिर्सेऊ खाली बघत म्हणाला. "म्हणाले, तिला कळलं तर खिडकीतून फेकून देईल."

"खिडकीला जाळी आहे."

"मीही तेच म्हटलं."

ती हसली नाही. शेगडी बंद करून आली. कुकरची वाफ बराच वेळ फुसफुसत राहिली.

"त्याच्याकडे आता कुठलं आहे?" तिने विचारलं.

"काय?"

"यंत्र. मी काय म्हशीबद्दल विचारतेय?"

"नाही कुठलं. त्यांचंच होतं हे. उघडून, एकेक भाग कागदात गुंडाळून दिला त्यांनी मला बस स्टँडवर. ताफ्यातूनही नाव काढून घेतलं. जांदीरला म्हणाले, माझी जागा भरून टाका."

"जांदीरला माहीत आहे म्हणजे."

"सगळ्या ताफ्याला माहीत आहे, मावशी."

इव्होनीने टेपचा तुकडा टेबलाच्या कडेला चिकटवला. टेबलाखाली ते खोकं अजून पडलेलं होतं. तिने ते पायाने जरा पुढे ओढलं. दिर्सेऊ तिच्या पायाकडे बघत राहिला. त्या खोक्यात सगळं पुन्हा मावलं असतं, अर्ध्या तासाचं काम. तिने आत हात घातला, तळाशी चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद होता, तो काढून सरळ केला. जॉइनव्हिलीचं वर्तमानपत्र. महिनाभर ते खोकं पायाशी होतं आणि कागद कुणी वाचला नव्हता.

मग तिने स्क्रू ड्रायव्हरचं टोक लाल बटणाच्या खाचेत घातलं आणि बटण सरकवलं. टक्‌. आकडे बदलले. एकशे पंधरा.

डबा आत गेला, चार स्क्रू बसले, वायरी खोचल्या गेल्या. दिर्सेऊने वायर भिंतीत लावली आणि जरा लांब सरकून उभा राहिला.

टुक.

आवाराचं फाटक आलं आणि मागे गेलं. इव्होनीने दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला. ग्राफिक्स कार्डचा पंखा जोरात घोंघावू लागला, पण पडदा उजळच राहिला. पेट्रोल पंप गेला, टोलनाका गेला. तिने खांदे सैल सोडले. पाठ खुर्चीला टेकली तशी ती वयाने लहान दिसायला लागली.

"आवाज ऐक," ती म्हणाली. "पाचव्याला असाच शिट्टी मारायचा माझा ट्रक."

"घाट घ्या मावशी. बघू या दम."

"घाटालाच चाललेय."

धुकं आलं. पोरांनी धुकंसुद्धा घातलं होतं त्या नकाशात. उतार सुरू झाला तसा तिने गिअर कमी केला, ब्रेकवर पाय न ठेवता इंजिनावर गाडी धरली. एक वळण, दुसरं वळण. ती बोलत होती. इथे पाण्याचा झरा होता, इथे एक बाई मक्याच्या पानात उकडलेल्या पॅमोन्या विकायची, इथे टायर फुटला होता आमचा, भर पावसात. आमचा म्हणाली हे तिच्याही लक्षात आलं नाही. दिर्सेऊ पिन्याँव सोलायचे विसरून पडद्याकडे बघत होता.

सहाव्या वळणावर धाडकन आवाज झाला. पडदा हादरला, गाडी तिरकी झाली आणि थांबली. उजव्या कडेला एक ट्रक दिवे लुकलुकवत उभा होता. खेळ मधूनच असे बंद पडलेले ट्रक ठेवत असे. तिच्या गाडीचा पुढचा कोपरा त्याच्या पाठीत घुसला होता.

दिर्सेऊने तो ट्रक खूप लांबून पाहिला होता. त्याला वाटलं होतं, ती आता वळवील, आता वळवील.

इव्होनीचे हात स्टीयरिंगवर होते. तिने तोंड उघडलं. "मला दि..." एवढं म्हणून ती थांबली. मान उजवीकडे वळवली, मग पुन्हा समोर, मग पुन्हा उजवीकडे. एखादी वस्तू कुठून कुठपर्यंत आहे हे मोजावं तशी, हळूहळू, दोन-तीनदा. मान वळवली की लुकलुकणारे दिवे यायचे. समोर पाहिलं की ते नव्हतेच. नुसतं धुकं होतं, आणि ते धुकं अगदी खरं वाटत होतं.

"विचित्र आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "काळं दिसत नाही तिथे काही. रस्ताच दिसतो. पुरा, मोकळा रस्ता."

दिर्सेऊने हातातला पिन्याँव टेबलावर ठेवला.

"चाळीस गाड्यांत असं चालायचं नाही," इव्होनी म्हणाली. "उजवीकडे बसायला माणूस लागेल." तिने चष्मा काढून झग्याला पुसला आणि पुन्हा लावला. "त्याला विचार, रविवारी सकाळची पहिली बस तिकडून किती वाजता सुटते."

दिर्सेऊने घाईघाईने खिशातून फोन काढला.

"आत्ता नको," ती म्हणाली आणि मागचा गिअर टाकला. "आधी ही गाडी बाहेर काढू दे. तू बघ उजवीकडे. आणि नीट सांग, झेरॉक्सवाल्यासारखं नको."